आजोबांच्या नौदलातल्या पँटवर आडव्या घड्या आहेत, इस्त्री मारू का?

गंगाकाठ (गंगाखेड, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. आमचं गावाकडचं माळवदाचं घर उतरवायचं काम चालू आहे. मागच्या आठवड्यात गड्यांनी बळदाची भिंत फोडली, तर आत ज्वारीच्या भुशाखाली पत्र्याची ट्रंक निघाली. माझ्या आजोबांची. आम्ही त्यांना बापू म्हणायचो. ते जाऊन तीस वर्षं झाली. लढाईच्या काळात ते मुंबईला गिरणीत काम शोधायला गेले आणि तिथून आरमारात भरती झाले, एवढंच घरात माहीत होतं. त्याबद्दल ते स्वतः कधी बोलले नाहीत. आत्या म्हणते, रझाकारांच्या दिवसांत घरात असे सरकारी कपडे सापडले तर जिवावर बेतेल म्हणून आजीनं ती ट्रंक बळदात घातली आणि वरून लिंपून टाकलं. पुढं काढायची राहिली ती राहिलीच.

आत निघालं ते सांगते. जाड लोकरीची, काळपट निळी पँट. पायाशी इतकी रुंद की माझे दोन्ही पाय एकाच पायात मावतील. पुढं नेहमीसारखी बटणपट्टी नाही, आडवं बटणांचं झाकण आहे, खिडकीच्या झडपेसारखं खाली पडणारं. त्याच कापडाचा एक अंगरखा, त्याला एकही बटण नाही, डोक्यातूनच घालायचा असावा. त्याच्या उजव्या बाहीवर लाल दोऱ्यानं बेलाच्या पानासारखी तीन पानं भरलेली. डाव्या बाहीवर उलट्या बाणासारखी एक पट्टी. वेगळी सुटी, चौकोनी निळी कॉलर, तिला कडेनं तीन पांढऱ्या रेघा. एक काळं रेशमी फडकं, एक पांढरी दोरी. काळ्या फितीवर सोनेरी इंग्रजी अक्षरं, 'एच.एम.आय.एस.', पुढं काहीच नाही. आणि एक कापडी गुंडाळी, तिच्यात सुया, दोरा, चार बटणं. ती बहुतेक आजीची असेल.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, आमच्या शाळेत गावातल्या जुन्या वस्तूंचं छोटं प्रदर्शन आहे. मी तिथंच शिकवते. हे कपडे ठेवायचे म्हणते. अडचण अशी की पँटवर उभी घडी नाही, गुडघ्यापासून खाली-वर अशा पाच आडव्या घड्या पडल्यात, आणि त्या इतक्या घट्ट आहेत की हातानं सपाट होत नाहीत. पँट उलटी करून ठेवलेली होती. आतल्या बाजूला प्रत्येक घडीवर पांढुरकी रेघ आहे. ती बुरशी आहे का? धुऊन इस्त्री मारून ठेवावी का? आणि बापू कोणत्या जहाजावर होते, हे यावरून कळेल का?

एक गोष्ट आता लक्षात येते. म्हातारपणी बापू स्वतःचा पायजमा नेहमी उलटा करून, आडवाच घडी करायचे. आजी म्हणायची, सवय आहे, राहू दे.

सागर_नांदेड

ताई, ठेवा नक्की! धुऊ नका, पण चांगल्या ड्रायक्लीनवाल्याकडून वाफेची इस्त्री मारून घ्या, घड्या जातील. आणि खाली लिहा की १९४६ च्या नाविकांच्या उठावातले सैनिक. मुलांना खूप अभिमान वाटेल.

आष्टीचा स्टोकर

ताई, इस्त्री मारू नका. ड्रायक्लीनलाही देऊ नका. आधी एवढं वाचा.

मी बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातला. १९६१ साली सोळाव्या वर्षी 'बॉय' म्हणून भरती झालो, विशाखापट्टणमला शिकलो, पंधरा वर्षं नोकरी केली. त्यातला सगळ्यात मोठा काळ आयएनएस दिल्लीवर गेला. हे क्रूझर जहाज मुळात 'अकिलीस' नावाचं, १९३९ च्या डिसेंबरात प्लेट नदीच्या मुखाशी 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी लढलेलं. १९४८ मध्ये ते आपण घेतलं. म्हणजे तुमच्या बापूंच्या मागून मी पंधरा-अठरा वर्षांनी आलो, तरी जहाजं त्याच बांधणीची होती आणि कपडेही त्याच कापाचे. तुमच्या ट्रंकेतली एकेक वस्तू वाचताना माझा हात तिच्यावरून फिरल्यासारखं झालं.

त्या पाच घड्या चुकून पडलेल्या नाहीत. त्या बापूंनी घातल्यात.

जहाजावर सहाशेच्या वर माणसं. जिथं जेवायचं तिथंच झोपायचं. दिवसा जेवणाची टेबलं, रात्री त्याच टेबलांच्या वर छताच्या आकड्यांना कापडी झोळ्या टांगायच्या. हॅमॉक म्हणतात त्याला. आपल्याकडं लेकराची झोळी असते तशी, फक्त लांब. सकाळी ती दोरीनं गुंडाळून, बांधून, ठरलेल्या जागी उभी करायची. कपड्यांना खुंटी नाही, हँगर नाही. असला तर एक लहानसा लोखंडी लॉकर, नाहीतर किटबॅग. मग लोकरीची पँट ठेवायची कशी? उलटी करायची, म्हणजे बाहेरच्या बाजूला धूळ, तेल, कापसाची कुसं लागत नाहीत. आणि आडव्या घड्या घालायच्या, एक बाहेर, एक आत, लॉकरच्या रुंदीला बसेल अशी. पँट घालून उभं राहिलं की पाय बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा दिसतो. ती शिस्त होती, उभी घडी ही चूक होती.

सात समुद्र म्हणून सात घड्या, असं पोरं सांगायची. खरं म्हणजे उंच माणसाला सात आणि ठेंगण्याला पाच. तुम्ही पाच मोजल्यात. बापू ठेंगणे होते का?

पांढरी रेघ बुरशी नाही, साबण आहे. साबणाची कोरडी वडी आतल्या बाजूनं घडीवर घासायची, मग वरून ओलं फडकं टाकून दाबायचं. घडी महिनोन्‌महिने हलत नाही. बापूंची ऐंशी वर्षं टिकली, बघा. ओल्या कापडानंसुद्धा ती रेघ पुसू नका. तो त्यांच्या हातचा साबण आहे.

इस्त्रीचं माझं ऐका. पहिल्या मोठ्या रजेला घरी आलो तेव्हा आईनं माझा निळा ड्रेस बघितला आणि तिला वाटलं, लेकराच्या कपड्याला प्रवासात घड्या पडल्या. मी झोपेत असताना तिनं तो गावातल्या परटाकडं दिला. त्यानंही मन लावून काम केलं, कोळशाच्या इस्त्रीनं उभी, धारदार घडी काढून दिली. आई इतकी खूश होती की मला तिला काही सांगता आलं नाही. जहाजावर परत गेलो, त्या ड्रेसवर तपासणीला उभा राहिलो, आणि आठ दिवस किनाऱ्यावर जायची सुट्टी बंद झाली. त्याचं वाईट वाटलं नाही. पण जुन्या घड्या पुन्हा तशा बसल्या नाहीत, एकदा मोडलेली लोकर दुसऱ्यांदा तितकं धरत नाही. तुमच्याकडं आहेत त्या न मोडलेल्या आहेत, म्हणून एवढं सांगतोय.

आता बाहीकडं या. ते बेलाचं पान नाही, ताई. तो पंखा आहे, जहाजाच्या बुडाशी पाण्यात फिरतो तो, तीन पात्यांचा. उजव्या बाहीवर माणसाचं काम लिहिलेलं असायचं. तोफवाल्याला तोफ, बावटेवाल्याला दोन आडवे-तिडवे बावटे, तारयंत्रवाल्याला पंख आणि वीज. पंखा म्हणजे स्टोकर, बॉयलरचा माणूस. तुमचे बापू स्टोकर होते. माझ्याही उजव्या बाहीवर तोच पंखा होता.

स्टोकर म्हटलं की लोकांना फावडं आणि कोळसा दिसतो. पण त्या काळच्या लढाऊ जहाजांत कोळसा संपलेला होता, जळण म्हणजे तेल. तेल तापवून, दाबानं, बारीक फवाऱ्यानं भट्टीत मारायचं. खोली चारी बाजूंनी बंद. वरून पंखे हवा आत कोंबतात, त्यामुळं खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. आत जायला दोन दारांची लहान कोठडी असते. पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही एकदम उघडली तर दाब पडतो आणि भट्टीतली ज्वाळा उलटी बाहेर येते. पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे. कान गच्च होतात, घशाला कोरड पडते. मे महिन्यात दुपारी परभणीच्या स्टँडवर पत्र्याखाली उभं राहिलात तर पाव हिस्सा कल्पना येईल, आणि तिथं चार तास उभं राहायचं असतं.

आणि नजर सतत तीन ठिकाणी. वाफेचा दाब, बॉयलरमधली पाण्याची पातळी, आणि आरशातून दिसणारा धुराड्याचा धूर. पाणी खाली गेलं तर नळ्या जळतात. धूर काळा निघाला तर हवा कमी पडतेय, पांढरा निघाला तर हवा जास्त झाली. दोन्ही वाईट, कारण उघड्या समुद्रात धूर कोसांवरून दिसतो आणि पाणबुडीला जहाज सापडतं. वरती दुर्बिणीवाले शत्रू शोधतात. खाली स्टोकरला समुद्र दिसतही नाही, आणि जहाज लपवायचं काम त्याच्या हातातल्या झडपेवर असतं. टॉर्पेडो लागला तर सगळ्यात शेवटी वर पोचणारा माणूस तोच.

ही चार-चार तासांची पाळी. संध्याकाळी चार ते आठ मात्र दोन-दोन तासांच्या दोन अर्ध्या पाळ्या, म्हणजे पाळ्यांची संख्या विषम होते आणि रात्री बारा ते चार ही पाळी रोज एकाच टोळीच्या वाट्याला येत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाला घंटा. एक, दोन, तीन, करत आठ टोले पडले की पाळी संपली. मी गावी येऊन पन्नास वर्षं झाली, अजून रात्री बाराला जाग येते.

पाण्याची गोष्ट तुम्हाला पटकन कळेल, आपण मराठवाड्याची माणसं. चहूकडं पाणी आणि पाण्याचं रेशन. खारं पाणी उकळून, वाफ धरून जहाजावर गोडं पाणी करतात. ते पहिलं बॉयलरला जातं, कारण खारट पाण्यानं नळ्यांत थर बसतो आणि नळी फुटते. उरलेलं माणसांना. स्टोकर घामानं निथळून वर यायचा आणि त्याला अंघोळीला बादलीचा तळ झाकेल एवढं पाणी. नाहीतर खाऱ्या पाण्याचा वेगळा साबण, त्यानं अंग चिकटच राहतं. १९७२ च्या दुष्काळात मी रजेवर आलो होतो. आई म्हणाली, एवढ्याशा पाण्यात कसं रे तुझं भागतं? मी म्हटलं, माय, हे शिकायलाच गेलो होतो.

बाकीचं थोडक्यात. सुटी कॉलर, तीन रेघा, काळं रेशमी फडकं. नेल्सन या इंग्रजांच्या आरमारी सेनानीच्या तीन विजयांच्या तीन रेघा आणि त्याच्या सुतकाचं काळं फडकं असं आम्हालाही सांगायचे, पण ते फडकं नेल्सनच्या आधीपासून खलाशी घामाला, गळ्याला बांधत आलेत. इंग्रजांच्या आरमारात साध्या खलाशांना ठरलेला गणवेश पहिल्यांदा १८५७ साली मिळाला, इकडं आपलं बंड झालं त्याच वर्षी. त्याआधी ज्याचे त्याचे कपडे. पांढरी दोरी पूर्वी चाकू किंवा शिट्टी अडकवायला असायची, पुढं शोभेची झाली. पँट पायाशी रुंद, म्हणजे डेक धुताना गुडघ्यावर गुंडाळता येते आणि पाण्यात पडलं तर बुटावरून ओढून काढता येते. लोकर एवढ्यासाठी की ओली झाली तरी ऊब धरते. मुंबईत रोज हे कोणी घालत नव्हतं, तिथं पांढरे कपडे आणि कामाला डांगरी. डांगरी हा शब्दही आपलाच, मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड, त्यावरून इंग्रजांनी उचलला. धुण्याला ते आजही 'धोबी' म्हणतात.

सुया-दोऱ्याची गुंडाळी आजीची नाही, बापूंचीच. इंग्रजीत तिला हाउसवाइफ म्हणायचे, बोलण्यात 'हसिफ'. प्रत्येकाकडं असायचीच, कारण शिवून घालायला तिथं कोणी बाईमाणूस नसतं. तुटलेलं बटण स्वतः लावायचं, बाहीवरचा बिल्ला स्वतः टाचायचा. तो लाल पंखा ज्या टाक्यांनी बाहीला धरलाय, ते टाके बघा. बहुतेक बापूंच्या हातचे असतील.

डाव्या बाहीवरची उलटी पट्टी चांगल्या वर्तणुकीची. अशी एक लागायला काही वर्षांची स्वच्छ नोकरी लागायची, म्हणजे बापू नुसते चार महिने जाऊन आलेले नाहीत.

फितीवर जहाजाचं नाव नाही, कारण लढाईच्या काळात नाव लिहीतच नसत. किनाऱ्यावर फिरणाऱ्या खलाशाच्या टोपीवरून कोणतं जहाज बंदरात आहे हे हेराला कळू नये म्हणून. 'एच.एम.आय.एस.' म्हणजे इंग्लंडच्या राजाचं हिंदी जहाज; १९५० च्या २६ जानेवारीनंतर ते गेलं आणि 'आय.एन.एस.', म्हणजे भारतीय नौदलाचं जहाज, आलं. तेव्हा फितीवरून जहाज सापडणार नाही. पण पँटच्या कमरेच्या आतल्या पट्टीवर, नाहीतर अंगरख्याच्या आत बघा. गडद कपड्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर उमटवलेला असतो. नंबर मिळाला तर अर्धं काम झालं.

सागर, बाळा, तुझा हेतू चांगला आहे, पण ते नाविक बंडाचं वाक्य आत्ताच लिहू नका. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या शिक्षण केंद्रावर 'अन्न नाही तर काम नाही' म्हणत पोरं बसली आणि दोन-तीन दिवसांत सत्तरच्या वर जहाजं आणि वीस हजारांच्या आसपास नाविक त्यात आले. डाळीत खडे, भातात किडे, वर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, अशा त्यांच्या तक्रारी होत्या आणि खऱ्या होत्या. ज्यांनी ते केलं त्यांना नोकरी गमवावी लागली, तुरुंग भोगावा लागला. त्यांचं नाव न विचारता दुसऱ्याच्या खाली लावू नये, आणि बापूंच्या खालीही त्यांचं नसलेलं लावू नये. असतील तर कागद सांगेल.

गंगाकाठ

काका, तुमचं लिहिलेलं आत्याला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, बापू ठेंगणेच होते. आमच्या जुन्या घराची चौकट बुटकी, येणारा प्रत्येकजण डोकं आपटायचा, बापू मात्र सरळ आत यायचे.

कमरेच्या पट्टीवर नाव आहे. पांढरा रंग पिवळट झालाय, पण आडनावाची चार अक्षरं आणि खाली पाच आकडे स्पष्ट वाचता येतात. नंबर इथं टाकत नाही. बिल्ल्याचे टाके भिंग लावून पाहिले. तीन पात्यांच्या कडेनं बारीक, एका लांबीचे टाके, फक्त खालच्या टोकाला दोन टाके मोठे आहेत, काळ्या दोऱ्याचे. गुंडाळीत तोच काळा दोरा आहे.

आणखी एक. आत्या म्हणते, आजी कुणी विचारलं तर एवढंच सांगायची, "मालक गोदावरीवर नोकरीला होते." आम्ही सगळे समजत होतो की लढाईहून आल्यावर नदीवर, नावेवर किंवा घाटाच्या कामावर असतील. याचा काही संबंध असेल का?

आष्टीचा स्टोकर

ताई, तुमचं हे वाचून मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आलो.

तुम्ही गंगाखेडच्या. मला सांगा, तुमच्याकडं नदीला कुणी गोदावरी म्हणतं का? गंगा म्हणतात. गंगंवर धुणं, गंगंला पूर. आजीनं नदी म्हणायची असती तर ती "गंगंवर" म्हणाली असती. ती "गोदावरीवर" म्हणाली, म्हणजे तिनं तो शब्द बापूंच्या तोंडून जसा ऐकला तसा जपला.

गोदावरी नावाचं जहाज होतं. एच.एम.आय.एस. गोदावरी, लढाईच्या काळात इंग्लंडात बांधलेलं, स्लूप जातीचं. लहान, चपळ, मालवाहू जहाजांच्या ताफ्याला राखण देणारं आणि पाणबुड्यांच्या मागावर राहणारं. सहा चार-इंची तोफा, पाण्यात सोडायचे सुरुंग, तेलावरची बॉयलरं. १२ ऑगस्ट १९४४ ला सेशेल्स बेटांजवळ गोदावरी आणि 'फिंडहॉर्न' या इंग्रजी जहाजानं मिळून यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. बापू त्या दिवशी जहाजावर होते की नाही, ते त्यांच्या नोंदीत दिसेल. असतील तर ते खाली बॉयलरपाशी असणार, आणि त्यांना वरचं फक्त ऐकू आलं असणार. पाण्यात सुरुंग फुटला की आमच्या खोलीत भिंतीवर घण घातल्यासारखं वाजतं.

पुढचं सांगायला जरा जड जातंय. १९४७ ला आरमाराचीही वाटणी झाली. सहा स्लूप होती. सतलज, जमुना, कृष्णा, कावेरी आपल्याकडं आली. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानला गेली. तिथं गोदावरीचं नाव बदलून 'सिंध' केलं. म्हणजे ज्या जहाजाच्या भट्टीपाशी बापूंनी तीन-चार वर्षं काढली असतील, ते एके दिवशी दुसऱ्या देशाचं झालं. जहाजावरचे हिंदू खलाशी उतरले, मुसलमान खलाशी राहिले. काल ज्याच्याबरोबर एका टेबलावर जेवलो, त्याला सलाम करून बॅग खांद्यावर टाकायची. आणि बापू उतरून घरी आले ते निजामाच्या राज्यात, रझाकारांच्या वर्षात. ते का बोलले नाहीत, ते तुमच्या आत्यांना आता वेगळं सांगायला नको.

हे सगळं नंबरावरून पक्कं करून घ्या. परभणीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं अर्जाचा नमुना मिळेल. नाविकांचं दप्तर मुंबईत मानखुर्दला चीता कॅम्पात आहे, ब्युरो ऑफ सेलर्स. नाव, नंबर, वारस असल्याचा कागद आणि आडनावाच्या त्या पट्टीचा फोटो जोडा. वेळ लागेल, चिकाटी सोडू नका. दोन महिन्यांनी पुन्हा एक पत्र टाका.

माझ्याकडं माझी एकही घडी शिल्लक नाही. नोकरी सुटल्यावर निळा अंगरखा आईनं वाकळीत शिवला. मी काही म्हटलं नाही, घरात लेकरं थंडीनं कुडकुडत होती. त्या वाकळीत एका कोपऱ्यात कॉलरच्या तीन पांढऱ्या रेघा होत्या, नातवंडं तिच्यावर लोळली. ती फाटून गेली. म्हणून म्हणतो, तुमची जपा.

हिमरू_घर (छत्रपती संभाजीनगर)

आमच्या घरी चार पिढ्या हिमरूचं विणकाम. जुनं रेशीम आणि लोकर रोज हाताळते, म्हणून थोडं सांगते. काका म्हणतात ते बरोबर, पाणी आणि उष्णता दोन्ही लांब ठेवा. आधी सावलीत, वारा लागेल असं स्वच्छ चादरीवर दोन तास पसरा, ऊन नको. मऊ ब्रशनं एकाच दिशेनं हलकी धूळ काढा, साबणाच्या रेघांवर ब्रश फिरवू नका. काळं रेशमी फडकं सगळ्यात नाजूक असतं, जुनं काळं रेशीम घडीवर तुटतं, ते उलगडू नका, आहे तसं ठेवा. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये अजिबात नको, आत दमट होतं. कसरीसाठी वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा, कापडाला चिकटू देऊ नका. डांबराच्या गोळ्याही थेट लोकरीवर नकोत. आणि ट्रंकेचा गंज कपड्याला लागला असेल तर तो घासू नका, डाग राहू द्या. प्रदर्शनात लटकवू नका, आडवंच ठेवा. लोकर स्वतःच्या वजनानं लोंबते.

सागर_नांदेड

काका, मला माहीत नव्हतं. उठावाचं वाक्य मी मागे घेतो. ताई, परभणीच्या ऑफिसात माझं काम निघतच असतं, अर्जाचा नमुना आणून देऊ का?

गंगाकाठ

सागर, नक्की आणा. आत्या वारसाचा कागद काढायला उद्या तलाठ्याकडं जाते आहे, शहात्तर वर्षांची आहे पण मीच जाणार म्हणून बसलीय.

पँट उलगडलेली नाही. पाच घड्यांवर जशी होती तशीच, उलटीच, मांजरपाटावर ठेवायची ठरवलीय. शेजारी कॉलर, फीत आणि सुयांची गुंडाळी. मुलांना हात लावू देणार नाही, पण भिंग ठेवणार आहे, काळ्या दोऱ्याचे ते दोन मोठे टाके आणि साबणाची रेघ दिसावी म्हणून. चिठ्ठीवर बापूंचं नाव, खाली 'स्टोकर, रॉयल इंडियन नेव्ही'. त्याखाली 'जहाज' असं लिहून पुढची जागा रिकामी सोडली आहे. मानखुर्दहून उत्तर आलं की पेनानं भरीन, आणि इथं कळवीन.